कोलॉइडल चांदी: तार बदलली, आता पाण्याचं बघू

कोलॉइडल चांदी म्हणजे पाण्यात तरंगणारे चांदीचे अतिबारीक कण; चांदीच्या दोन तारा पाण्यात बुडवून वीज सोडली की ते तयार होतात. या खेपेला तार बदलली. आधीची तार जुने वाळे आटवून ओढलेली होती, आणि वाळे म्हटले की टाका, म्हणजे सांधा जोडायचा मिश्रधातू, आलाच. टाक्यात तांबं, जस्त, जुन्या दागिन्यांत कॅडमियमसुद्धा असू शकतं; त्यात तांबं चांदीच्या आधी विरघळतं. म्हणून जळगावच्या सराफ बाजारातून ९९९ टंचाची, म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी असलेली, तार ओढून घेतली. क्ष-किरणांनी शुद्धता तपासणारं एक्सआरएफ मशीन फक्त वरचा पातळ थर बघतं, तेव्हा तार आधी पॉलिश पेपरने घासा, मगच टंच काढा.

पाणी हे मात्र खरं दुखणं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, आणि आरओ केलं तरी थोडं क्लोराइड उरतंच. तसलं पाणी घेतलं की तारेवरून पांढुरका धूर सुटतो आणि बरणी ताकासारखी दिसायला लागते. ते चांदीचं क्लोराइड. खात्री करायची तर बरणी गच्चीत ठेवा. खान्देशातलं मे महिन्याचं ऊन लागलं की पांढरं जांभळट काळं पडतं. मी आता डिस्टिल्ड पाणीच आणतो, तेही दुकानातच टीडीएस (विरघळलेले क्षार) बघून. मीटरवर १ च्या वर गेलं तर कॅन परत.

नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकामागे एक, पाणी अर्धा लिटर, प्रवाह १ मिलिअँपला बांधलेला. चांगल्या पाण्यातून सुरुवातीला वीज जवळपास वाहतच नाही, धीर धरा. फॅरडेच्या हिशोबाने (किती विजेला किती धातू सुटतो त्या नियमाने) १ मिलिअँप तासभर वाहिला की साधारण ४ मिलिग्रॅम चांदी सुटते, म्हणजे लिटरमागे ८. हा कमाल आकडा. थोडी चांदी दुसऱ्या तारेवर काळा गाळ होऊन बसते.

हा आकडा टीडीएस मीटरवर शोधू नका. मीटरला आयन (विद्युतभार असलेले विरघळलेले अणू) कळतात, कण नाही. कणांसाठी अंधारात लेझर मारायचा: शलाका दिसली तर कण आहेत. पिवळी छटा आली तर तेही बारीक कणांचंच लक्षण, ते ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश शोषतात.

गल्लीत प्रश्न ठरलेला: "भाऊ, सर्दीले चाली का?" नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, ही बरणी त्याच्या ऐंशीपट. चांदी अंगात साठून कातडी निळी-राखाडी पडली की तो रंग सहसा जात नाही. कोलॉइडल चांदीची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९९ मध्येच जाहीर केलंय. बरणीवर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी डकवलीय.

पुढची बॅच तपकिरी बाटलीत, आणि तारांची टोकं मधेमधे पुसून.