डायमॉर्फोडॉन १:४ – तारेचा सांगाडा झाला, ढब ठरली

डायमॉर्फोडॉन या टेरोसॉरचं, म्हणजे प्राचीन काळच्या उडणाऱ्या सरीसृपाचं, १:४ मापाचं मॉडेल करतोय. त्याच्या पंखांचा पसारा साधारण १.४५ मीटर, म्हणजे या मापात ३६ सेंटिमीटर. मी पंख मिटून बसवतोय, त्यामुळे जागा त्याहून कितीतरी कमी लागते. वेळ गेला तो हा प्राणी जमिनीवर उभा कसा राहायचा, हे ठरवण्यात.

१८२८ मध्ये जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगला इंग्लंडच्या लाइम रेजिसला याचा सांगाडा मिळाला, पण कवटीशिवाय. भूवैज्ञानिक विल्यम बकलंडने तो टेरोडॅक्टिलस या आधीच माहीत असलेल्या टेरोसॉरमध्येच धरला. कवट्या मिळाल्यावर शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने १८५९ मध्ये वेगळं नाव दिलं. काळ ज्युरासिकच्या सुरुवातीचा, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचा.

आता ढबीचं. १९८३ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ केविन पॅडियनने हा पक्ष्यासारखा दोन पायांवर, चवड्यांवर धावत असे असं मांडलं. त्या ढबीतली चित्रं फार देखणी दिसतात, मलाही मोह होता. पण १९९८ मध्ये डायमॉर्फोडॉनच्या मेक्सिकोतल्या भाईबंदाच्या पायाचा अभ्यास आला. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे चवड्यावर उभं राहण्याइतके वाकतच नाहीत. तळवा पूर्ण टेकतो. टेरोसॉरच्या पाऊलखुणाही चार पायांच्या मिळतात. मी चार पायांवरच उभा केला: हाताची तीन बोटं जमिनीवर आणि पंख पेलणारं लांबलचक चौथं बोट मागे दुमडलेलं. ही ढब मला जास्त खरी वाटते, आणि बघायलाही कमी नाही.

शेपटीत फक्त बुडाशी बाक दिलाय. पुढचे मणके हाडांच्या लांब काड्यांनी जखडलेले असत, तिथे वळण दाखवणं चूकच.

डोकं मात्र खरी मजा आहे. खऱ्या प्राण्याची कवटी २३ सेंटिमीटरच्या आसपास, शरीराच्या मानाने केवढी मोठी! पण तिच्यात मोठमोठी भोकं आणि मधे बारीक हाडांच्या पट्ट्या, म्हणून वजन कमी. मॉडेलही तसंच करतोय: तारेवर इपॉक्सी पुट्टीचा पातळ थर, आत पोकळ. भरीव केलं तर पुढचे पाय वाकतील.

पुढचं काम दातांचं. समोरचे सुळे तारेचे तुकडे घासून होतील. खालच्या जबड्यातले मागचे दात इतके बारीक की सुट्टे बसवता येणार नाहीत. पुट्टी ओली असतानाच कडेवर सुईने कोरणार आहे. त्यानंतर पंखांचा पडदा, टिश्यू कागदावर लेटेक्सचे पातळ हात देऊन.