युटाचा हायवे १२ : उंचीच्या नोंदींसह

अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठारावरचे नावाजलेले रस्ते टप्प्याटप्प्याने पूर्ण करायचा जो खटाटोप चालवलाय, त्यात या सप्टेंबरअखेर युटाचा स्टेट रूट १२ सलग झाला. पॅंग्विचच्या दक्षिणेला सुरू होऊन टोरीला संपणारा हा रस्ता जेमतेम १९८ किलोमीटरचा. नकाशा बघून कुणीही म्हणेल, तीन तासांचं काम. मी म्हणेन, एस्कलांटे गावात मुक्काम टाका आणि दोन दिवस द्या.

यावेळी नोंदी किलोमीटरवर न ठेवता उंचीवर ठेवल्या. फोनमधलं अल्टिमीटर आणि गाडीतलं बाहेरचं तापमान, एवढंच लिहीत गेले. या मुलखात पाऊस किती पडणार, झाड कोणतं उगवणार, दगड कसा फुटणार, हे बरंचसं उंचीच ठरवते. त्यामुळे वही चाळताना रस्ता आपोआप उलगडतो.

सुरुवातीचा रेड कॅन्यन सुंदर आहे, पण लाल खडकातून कोरलेल्या दोन बोगद्यांचे फोटो काढून सगळेच पुढे सटकतात, मीही सटकले. ब्राइस कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानात मात्र थांबायचंच. नावात कॅन्यन असलं तरी ही नदीने कापलेली दरी नाही, पठाराची झिजत चाललेली कड आहे. कड सुमारे २,४०० ते २,७५० मीटरवर. या उंचीवर वर्षातल्या जवळजवळ निम्म्या रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली उतरतो आणि दिवसा वर येतो. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं, सकाळी वितळतं, आणि खडक कणाकणाने सुटत जातो. ते हजारो नारिंगी सुळके असे घडलेत. इथे बहुतेक लोक सूर्योदयाला ॲम्फिथिएटरच्या, म्हणजे सुळक्यांनी भरलेल्या वाडग्यासारख्या खोलगटाच्या, कठड्याशी गर्दी करतात. माझं मत विचाराल तर २९ किलोमीटर आत रेनबो पॉइंटपर्यंत आधी जा आणि परतताना एकेक व्ह्यूपॉइंट घ्या. सगळे थांबे उजव्या हाताला येतात, रस्ता ओलांडायची कटकट नाही.

पुढे ट्रॉपिकला उतरलात की पाइन मागे पडतात, पिन्यन आणि जुनिपरची खुरटी झाडं सुरू होतात. हेन्रीव्हिलनंतर ‘द ब्लूज’ नावाचे राखाडी-निळसर मातकट उतार लागतात. कुणी फारसं थांबत नाही. डायनोसॉरच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेले थर हेच, हे ठाऊक असलेले थांबतात.

खरी मजा एस्कलांटेच्या पूर्वेला. हेड ऑफ द रॉक्सवर गाडी लावली आणि समोर नुसता फिकट पिवळा कातळ, क्षितिजापर्यंत. हा नवाहो वालुकाश्म, ज्युरासिक काळातल्या वाळवंटाच्या टेकड्या दगड होऊन राहिलेल्या, वय अठरा-एकोणीस कोटी वर्षांच्या घरातलं. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे याच्यापुढे पोरच. आपल्या कड्यांवरच्या आडव्या पट्ट्या लाव्हाच्या थरांच्या. इथल्या तिरप्या रेघा वाऱ्याच्या. वारा कुठून वाहत होता ते रेघांच्या उतारावरून वाचता येतं, आणि एकदा वाचायला लागलात की पुढचा तासभर हलवत नाही.

तिथून रस्ता एस्कलांटे नदीपाशी उतरतो. वहीतली सगळ्यात खालची नोंद ही : सुमारे १,६०० मीटर, २७ अंश. जवळच काफ क्रीकचा खालचा धबधबा, ३८ मीटर उंच. जाऊन-येऊन जवळपास १० किलोमीटर, तेही वाळूतून. पाणी भरपूर घ्या.

मग हॉगबॅक. आपल्या घाटात एका अंगाला डोंगर असतो, जीव घाबरला की नजर तिकडे वळवता येते. इथे रस्ता धारेच्या माथ्यावरून जातो, दोन्ही अंगांना दरी आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. शेजारी बसलेल्या नवऱ्याने या टप्प्यात एकही फोटो काढला नाही. पलीकडचं बोल्डर गाव इतकं आडबाजूला की १९३०च्या दशकातही तिथे टपाल खेचरांवरून यायचं.

बोल्डरनंतरचा चढ माझ्या मते अख्ख्या रस्त्याचा मुकुटमणी, ब्राइसपेक्षाही. डांबर इथे १९८५ मध्ये पडलं. माथा सुमारे २,९०० मीटरवर. तिथे १४ अंश, स्वेटर बाहेर. नदीपासून १,३०० मीटर चढ, म्हणजे कोकणातून देशावर येणाऱ्या घाटाच्या जवळपास दुप्पट. खाली कॅक्टस होते, वर ॲस्पेनची पिवळीजर्द राई. ॲस्पेनचे खोडांचे पुंजके एकाच मुळातून उगवतात; इथून उत्तरेला फिश लेकजवळचा ‘पांडो’ तर ४३ हेक्टरवर पसरलेला एकच जीव आहे. पूर्वेच्या थांब्यांवरून वॉटरपॉकेट फोल्ड ही खडकाच्या थरांना पडलेली लांबलचक घडी आणि मागे हेन्री पर्वत दिसतो. प्रकाश पाठीमागून हवा असेल तर इथे दुपारनंतर पोचा.

टोरीहून कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यान हाकेच्या अंतरावर. तिथल्या फ्रूटाच्या फळबागा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतवाल्यांनी १८८०च्या दशकापासून लावलेल्या, फ्रीमॉंट नदीच्या पाण्यावर. हंगामात फळं स्वतः तोडायची आणि वजनाप्रमाणे पैसे टाकायचे. सफरचंदं आंबटगोड होती, तिखटमीठ नेलं होतं.

जाणाऱ्यांसाठी : युटाच्या पंपांवर साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं, गाडीच्या पुस्तकात ८७ लिहिलं असेल तर वरचं भरा. मोकळी गुरं रस्त्यावर येतात, अंधार पडताना हरणंही, त्यामुळे माथ्यावरून उजेडात उतरा. जुलै ते सप्टेंबर मान्सूनचा काळ. ढग दूरवर दिसला तरी अरुंद घळीत शिरू नका, तिथल्या पावसाचा लोंढा घळीत येऊ शकतो.

पुढचा टप्पा बर ट्रेल, बोल्डरपासून. पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी, मग कच्चा रस्ता आणि वॉटरपॉकेट फोल्डवरून खाली उतरणारी नागमोडी वळणं. ओल्या चिकणमातीत तिथे फोर-व्हील ड्राइव्हचाही इलाज चालत नाही, म्हणून मे महिन्याचा कोरडा आठवडा धरलाय. मे महिन्यात तिथून कुणी छोट्या एसयूव्हीने गेलं असेल तर टायरचं प्रेशर किती ठेवलं होतं ते सांगा.