इंडक्शनची तारीख मिळाली, लेबर रूम मिळेना

इंग्लंडमध्ये गरोदर बाईची गाठ आधी मिडवाइफशी, म्हणजे शिकलेल्या सुईणीशी पडते. डॉक्टर गरज पडली तरच. सांगलीहून आई दर फोनला विचारायची, "अगं, डॉक्टर काय म्हणाले?" डॉक्टर अजून भेटलेच नाहीत, हे तिला पटायचंच नाही. मला ते बरं वाटत होतं. बीपी, लघवी, टेप लावून पोट मोजणं, सगळं एकच बाई गप्पा मारत करायची.

मग साखरेची टेस्ट. आपण मूळचे भारतीय, त्यामुळे २४ ते २८ आठवड्यांत ती सांगतातच. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी माझी साखर ७.८ च्या वर गेली (आपल्याकडच्या हिशेबात १४०) आणि फाइलीवर कन्सल्टंटचं, म्हणजे मोठ्या डॉक्टरचं नाव चढलं. साखर निघाली की ४० आठवडे ६ दिवसांच्या पुढे थांबू नका म्हणतात, म्हणून इंडक्शनची, म्हणजे औषध देऊन कळा आणायची तारीख मिळाली.

घोडं अडलं ते वॉर्डात. पेसरी (आतून ठेवायचं कळांचं औषध) ठेवून झाली, गर्भपिशवीचं तोंड थोडं उघडलं. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाल्या, "आज पाणमोट फोडू या." मी वेणी घालून, बॅग भरून तयार. दुपार गेली, चहा आला, उकडलेला बटाटा आला. बेल दाबली की मिडवाइफ म्हणायची, "प्लॅन तोच आहे, लेबर वॉर्डात जागा नाही." रात्री नवऱ्याला घरी पिटाळलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर नव्या, पण वाक्य तेच: "आज." मला तर रडूच आलं.

खरी गोम मला एका रात्रपाळीच्या मिडवाइफनं सांगितली. पाणमोट फोडल्यावर त्या बाईपाशी एक मिडवाइफ पूर्णवेळ लागते. खोली रिकामी दिसली तरी मिडवाइफ मोकळी नसेल तर नेत नाहीत. मधेच कुणी कळा देत आली तर ती पुढे, आणि ते योग्यच. पण 'आज' लिहिणार डॉक्टर, रांग चालवणार लेबर वॉर्डची कोऑर्डिनेटर, आणि या दोघींचं जे ठरतं ते पेशंटच्या पलंगापर्यंत येतच नाही! मिडवाइफनं रजिस्ट्रारला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला माझ्यासमोर आणून उभं केलं, बाळाच्या ठोक्यांची पट्टी दाखवली आणि तिथूनच कोऑर्डिनेटरला फोन लावला. पाच मिनिटांचं काम. पहाटे मला खाली नेलं.

म्हणून राउंडला "कधी?" असं मोघम विचारू नका. पुढचा निर्णय कोण घेणार, आणि आज नाही झालं तर पुन्हा कोण, किती वाजता बघणार, हे विचारा आणि फाइलीत लिहून घ्या. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र रांगबिंग विसरून लगेच बेल दाबा.

लेक सुखरूप झाली. टाके पडले, ते असो.

चार्जरची वायर लांब न्या, प्लग पलंगामागे असतो. थेपले न्याच. आणि साखर असेल तर ३६ आठवड्यांनंतर चीक (आपलं पहिलं घट्ट दूध) काढून ठेवता येईल का, हे आपल्या मिडवाइफला विचारा. सिरिंजा त्याच देतात. जन्मानंतर बाळाची साखर तपासत राहतात, तेव्हा तो चीक कामी येतो. वॉर्डात गेल्या गेल्या नाव लिहून फ्रीजरमध्ये ठेवायला द्या. माझा बॅगेतच वितळला असता.