अर्धी बादली पाणी मारू का?

"मॅडम, माल कडक येतोय, सळयांत उतरत नाय, अर्धी बादली पाणी मारू का?"

स्लॅबच्या दिवशी माल, म्हणजे काँक्रीट, घट्ट वाटला की साइटवर हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. सुरुवातीच्या वर्षांत मी पण "मार, पण बेतानं" म्हणून मोकळी व्हायचे, कारण मिक्सर चालू, माणसं खोळंबलेली, वर आभाळ भरून आलेलं, आणि परीक्षेसाठी पाठ केलेला वॉटर सिमेंट रेशो, म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या किती पट पाणी, त्या गडबडीत आठवतोय कोणाला.

पण एकदा हिशोब करून बघाच. सिमेंटची ५० किलोची एक गोणी, रेशो ०.४५ धरला तर पाणी साडेबावीस लिटर. त्यात वाळू ओली असेल तर तिच्या अंगचं पाणी यातूनच वजा करायचं असतं, ते किती जण करतात देव जाणे. आता त्यात अर्धी बादली, म्हणजे पाचेक लिटर अजून ओतलं की रेशो गेला ०.५५ वर. माल लोण्यासारखा पसरतो, सगळे खूश. सिमेंटला प्रत्यक्ष रासायनिक क्रियेसाठी लागतं वजनाच्या साधारण २३ टक्के, अजून थोडं त्यातून तयार होणाऱ्या जेलच्या, म्हणजे सगळं धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाच्या, छिद्रांत अडकून बसतं, आणि जे उरतं ते हळूहळू उडून जातं. पाणी उडालं तरी त्याची जागा काही भरून येत नाही, तिथे केसांहून बारीक नळ्यांचं जाळं राहतं. पाणी वाढलं की ताकद घटते हे डफ अब्रॅम्स या अमेरिकन संशोधकानं १९१८ सालीच सांगून ठेवलंय, पण खरं सांगू का, ताकद थोडी कमी झाली तर डिझाइनमधला सुरक्षिततेचा जादा फॅक्टर पुष्कळदा सांभाळून घेतो. त्या नळ्यांना मात्र कुठलाच फॅक्टर नाही.

आता माझीच एक फजिती. अकरा वर्षांपूर्वी एक बाल्कनीचा स्लॅब मी स्वतः पास केला होता, सही माझी. मध्ये तिथून फोन आला की खालून पोपडे पडतायत. गेले, हातोडीनं वाजवत निघाले, चांगल्या काँक्रीटचा आवाज ठण्ण येतो आणि सुटलेल्याचा बद्द, डोळे मिटून पण कळतं. एका जागी बद्द वाजलं नि तळहाताएवढी खपली हातात आली. तिच्या आतल्या अंगावर सळईचा अख्खा ठसा, तांबडा, रिब्जसकट, म्हणजे सळईवरच्या उंचवट्यांसकट. खपलीची जाडी मोजली तर ८ मिलिमीटर. ड्रॉइंगवर कव्हर, म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटची जाडी, होतं २०. शेजारीच एक चपटा खडीचा तुकडा सापडला, सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक संपले म्हणून कोणीतरी सळईखाली सारलेला, आणि माणसं वरून चालल्यावर सळई त्याच्यावरून घसरून खाली टेकलेली.

लोखंड काँक्रीटमध्ये गंजत नाही ते काँक्रीट जाड असतं म्हणून नाही. ताज्या काँक्रीटचा पीएच १२-१३ असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी असतं, त्या वातावरणात सळईवर एक अगदी पातळ संरक्षक थर धरतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या बारीक नळ्यांतून आत सरकत पीएच ९ च्या खाली आणतो, आणि तो सळईपर्यंत पोचला की थर संपला, पुढे फक्त ओल आणि हवा मिळायचा अवकाश. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, ती मिळाली नाही की काँक्रीट फोडून घेतो.

आणि यातली जी गोष्ट मला कॉलेजात कळायला हवी होती ती ही, की हे आत सरकणं वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबानं चालतं. समजा ३० मिमी कव्हर पार करायला ६० वर्षं लागणार असतील, तर १५ मिमी पार करायला ३० नाही लागत, १५ लागतात! कव्हर निम्मं केलं की आयुष्य पाव. म्हणून सळई "थोडीशीच" खाली आली असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यात क्युरिंग, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवणं, सात दिवस पाणी मारायचं तर तिसऱ्या दिवशी स्लॅबवरची पाण्याची आळी कोरडी, आणि क्युरिंग चुकलं की सगळ्यात आधी भोगतो तो बाहेरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर, म्हणजे नेमकं कव्हरच.

(यावर "जुन्या लोकांचं बांधकाम बघा, रोमचा पँथिऑन बघा" असं कोणीतरी म्हणणारच. बघितलंय. ४३ मीटरचा घुमट, एकोणीसशे वर्षं उभा, कारण त्यात सळईच नाही तर गंजणार काय. पण त्याला पेलायला खाली सुमारे ६ मीटर जाडीच्या भिंती आहेत, आणि त्या पद्धतीनं बाल्कनी बाहेर काढता येत नाही. शिवाय जे पडलं ते बघायला आपण जात नाही.)

आर्किटेक्ट मंडळींना पण थोडं बोलते, रागावू नका. छज्जाची खालची कड ड्रॉइंगमध्ये एकदम सरळ, सुरेख. तिथे कडेपासून थोडी आत एक बोटभर खाच दिली नाही तर पाणी कडेवरून खाली वळतं आणि छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत चालत येतं. खाच असली की तिथेच थेंब होऊन टपकतं. फुकटचं काम आहे, सेंटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, एक पट्टी ठोकायची बास. आणि गच्चीचा उतार, १०० ला १ म्हटलं तरी १० मीटरला १०० मिमी चढ होतो, वर कोबा, वर टाइल, मग गच्चीच्या दाराचा उंबरा या सगळ्याच्या खाली जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी जिन्यात. हे साइटवर सुटत नाही, सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं ड्रॉइंग, काढतानाच सोडवावं लागतं.

तर "पाणी मारू का" ला माझं उत्तर आता ठरलेलं आहे, पाणी नाही, माल हलवून बसवणारा व्हायब्रेटर आण, आणि तरी नाही उतरलं तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, पण तोही डोस मोजून. सळयांची गर्दीच इतकी असेल की खडी अडकतेय, तर चूक मालाची नाहीच, लॅप, म्हणजे दोन सळया एकमेकींवर घेऊन जोडायच्या जागा, सगळे एकाच जागी घेतलेत का ते आधी बघा.

अजून एक सवय लागलीय. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी टॉर्च आणि २० मिमीचा एक कव्हर ब्लॉक घेऊन मी सेंटरिंगवर रांगत फिरते, सळईखाली ब्लॉक सारून बघते, जिथे जात नाही तिथे खडूची खूण. पोरं हसतात, "मॅडमचं काय हरवलं?" म्हणतात. परवाच्या स्लॅबला तेवीस खुणा झाल्या, त्यातल्या नऊ बाल्कनीत.