तीन नंबरचा वॉल्व

मिसिंगची, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटल्यानं झटके देणारी, गाडी येते तेव्हा गिऱ्हाईक बहुतेक वेळा रोगाचं नावही सोबतच घेऊन येतं. या फियाटच्या मालकांनी तर मोबाईलवर यादीच करून आणली होती. कार्बोरेटर, कॉइल, शिसं नसलेलं पेट्रोल, आणि सगळ्यात शेवटी इथेनॉल, तेही प्रश्नचिन्हासकट.

गाडी 1986 ची प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी हे नाव तिला 1974 मध्ये मिळालं, पण आमच्या कोल्हापुरात, उद्यमनगरात, तिला फियाटच म्हणतात. मुंबईच्या टॅक्सीतून ती 2023 मध्ये कायमची गेली तेव्हा पेपरांनी गळे काढले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या गॅरेजला ती चुकूनच दिसायची. मालकांचे वडील रत्नागिरीजवळच्या एका गावात डॉक्टर होते, याच गाडीतून व्हिजिटला जायचे. ते गेल्यावर ती घराशेजारच्या मांगरात उभी राहिली आणि तिच्यावरून दहा-बारा पावसाळे गेले. मुलगा, म्हणजे हे मालक, पुण्यात नोकरीला. त्यांनी मनावर घेतलं आणि रत्नागिरीकडच्याच एका गॅरेजात ती चालू करून घेतली. तिथं प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, वायरी, कार्बोरेटरचा किट, सगळं नवं पडलं. बिल जाडजूड झालं, इंजिन थडथडतच राहिलं. मग टेम्पोत घालून आंबा घाटातून माझ्याकडं.

सेल्फ मारला तर लगेच चालू झाली. रेस दिली की आवाज बराच सरळ व्हायचा, सोडली की पुन्हा झटके, आणि स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा आपला डुलतोय. मी हाताखालच्या पोराला बंद कर म्हटलं आणि आधी डिकी उघडून पेट्रोलचा वास घेतला. जुनं पेट्रोल सडलं की त्याला वॉर्निशसारखा वास मारतो. इथं थोडा होता. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते ओल ओढतं, जुन्या रबरांनाही मानवत नाही. त्यामुळे मालकांची शंका अगदीच टाकाऊ नव्हती. पण टाकी उतरवून दोन दिवस घालवण्यापेक्षा मी ताज्या पेट्रोलची बाटली बोनेटला सलाईनसारखी लटकवली आणि नळी थेट कार्बोरेटरला जोडली. टाकी, पाइप, पेट्रोल ओढणारा एसी पंप, सगळं बाजूला. इंजिन तसंच थडथडत राहिलं. म्हणजे टाकीतल्या पेट्रोलवरचा संशय इथंच कटला.

मग वायरी. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उपटायची आणि आवाज ऐकायचा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिन पडतं, तो काम करतोय. एक नंबरला पडलं. दोनला पडलं. चारला तर बंदच व्हायला आलं. तीन नंबरची काढली, फरक शून्य.

"मिस्त्री, तीन नंबर मेलाय," पोरगा म्हणाला.

मेलाय खरा, पण कशानं? त्याचा प्लग काढला तर पेट्रोलनं भिजलेला, काळा. बॉडीला टेकवून करंट बघितला, निळा आणि जोरदार. तरीही तो प्लग आणि वायर दोन नंबरला लावली, दोनची तीनला. मिसिंग तीन नंबर सोडून हललं नाही. करंट चांगला, पेट्रोल पोचतंय, आणि सिलिंडर पेटत नाही. राहिलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा आणि पेट्रोल दाबलं जाण्याचा जोर. आधीच्या गॅरेजात नेमकं हेच कुणी बघितलं नव्हतं. बाहेरून बदलता येणारं सगळं बदलून झालं होतं, आत काय चाललंय ते विचारलंच नव्हतं. आजकाल हा प्रकार फार बघतो. पार्ट बदलला की बिलात ओळ दिसते, तपासणीची ओळ घातली तर गिऱ्हाईक भांडतं. दोष एकट्या मिस्त्रीचा नाही.

इंजिन गरम होतंच. चारी प्लग काढले, पोराला अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायला लावला आणि गेज लावला. एक, दोन आणि चार एकशे वीसच्या आसपास. तीन नंबर पंचावन्न पौंड.

प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा गेज लावला. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर ऑइल फट बुजवतं आणि काटा चांगलाच वर चढतो. काटा साठपर्यंत जाऊन थांबला. रिंगा निर्दोष सुटल्या. शेजारचे दोन आणि चार ठीक होते, म्हणून दोन सिलिंडरमधलं हेडचं, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचं, पॅकिंग फाटल्याचाही संशय गेला. आता हात वॉल्वकडं.

तीन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणून ठेवला, हवा आत घेणारा इनलेट आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट, दोन्ही वॉल्व बंद असतात ती जागा. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. हवा कुठून पळते ते ऐकायचं. कार्बोरेटरच्या तोंडातून आवाज आला तर इनलेट वॉल्व, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग. मी पुढं कान लावून उभा, कुठंच काही नाही. पोरगा मागं सायलेन्सरपाशी बसला होता, तो ओरडला, "हिकडं सू-सू वाजतंय बघा!"

एक्झॉस्ट वॉल्व.

खात्रीसाठी इंजिन पुन्हा चालू केलं आणि पेपरचा कपटा सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. चांगल्या इंजिनपुढं कागद एकसारखा बाहेरच उडत राहतो. इथं तीनदा उडायचा आणि मध्येच आत ओढला जायचा, पाइपाला चिकटायचा. हवा घेण्याच्या वेळी तो सिलिंडर उघड्या राहिलेल्या वॉल्वमधून सायलेन्सरचीच हवा आत ओढत होता. मालक वाकून बघत होते. म्हणाले, "हे शिसं नसल्यामुळे का? नेटवर वाचलं मी."

शिसंवालं पेट्रोल देशभरातून 2000 साली बंद झालं, हे खरं. पण त्यानं वॉल्वची सीट, म्हणजे वॉल्व मिटताना टेकतो ती कडा, झिजली असती तर वॉल्व वर सरकून टॅपेट टाइट झाला असता, म्हणजे वॉल्वपाशी असते ती फट कमी झाली असती. कव्हर काढून फट मोजायची फीलर गेजची पत्ती घातली, तर तीन नंबरच्या एक्झॉस्टला ती बाकीच्यांपेक्षा सैल जात होती. म्हणजे वॉल्व आणि सीटच्या मध्ये काहीतरी बसलं होतं आणि वॉल्व पूर्ण मिटत नव्हता. टॅपेट ओढून गॅप बरोबर केला असता तर गेज खूश झालं असतं, वॉल्व नाही.

"साहेब, हेड काढावं लागंल."

ते दोन मिनिटं गप्प. मग विचारलं, "पण बाबा तर चांगली चालती गाडी ठेवून गेले होते."

ठेवून गेलेच होते. चार सिलिंडरचं इंजिन कुठंही थांबलं तरी बहुतेक वेळा एक सिलिंडर धूर बाहेर टाकण्याच्या ठोक्यात असतो आणि त्याचा एक्झॉस्ट वॉल्व उघडा असतो. डॉक्टरांनी शेवटची किल्ली फिरवली तेव्हा तो तीन नंबर होता, एवढंच. सायलेन्सरचं तोंड मोकळं, बाहेर कोकणातला पावसाळा आणि समुद्राची खारी हवा. ती पाइपातून सरळ त्या उघड्या वॉल्वपर्यंत यायची. बाकीच्या तिघांचे एक्झॉस्ट वॉल्व मिटलेले होते, ते वाचले.

हेड काढल्यावर तसंच निघालं. तीन नंबरच्या वॉल्वच्या कडेला एका बाजूनं गंजाचे खड्डे, बोटानं कळण्याइतके, आणि सीटवर तांबूस कवच. हेड अॅल्युमिनियमचं, ते वाकलंय का हे सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून बघितलं, सरळ होतं. सीट कटिंग आणि ग्राइंडिंगला उद्यमनगरात हेड द्यायला लांब जावं लागत नाही. पॅकिंग मात्र इथं मिळेना. शेवटी मुंबईतून, कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून आलं. गाडीही कुर्ल्याच्याच कारखान्यातली.

जोडल्यावर तीन नंबर एकशे पंधरा पौंडांवर आला. आयडलिंगला गिअरचा दांडा जागचा हलला नाही. डिकीत पेपरात गुंडाळलेले जुने पार्ट पडले होते. त्यातला मूळचा कंडेन्सर तपासला, चांगला निघाला, तोच परत बसवला आणि नवा स्पेअर म्हणून डिकीत ठेवला. हल्लीच्या कंडेन्सरवर माझा फारसा भरवसा नाही.

सायलेन्सरच्या तोंडात बोळा घाला आणि चालू करताना आठवणीनं काढा, एवढं मालकांना सांगितलं. हेडचे नट पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा कसावे लागतील, तेव्हा घेऊन या. त्यावर ते हसले. पासिंग कधीच संपलंय, आरटीओचं काम होईपर्यंत गाडी गेटबाहेर काढता येणार नाही. अंगणातल्या अंगणात पाचशे किलोमीटर कसे करायचे ते तेवढं सांगा, म्हणाले.