झांबियात लुआंग्वा नदीच्या काठी, बुश कॅम्पमधला मुक्काम

सफारी म्हटलं की बहुतेकजण केनिया-टांझानियाकडे वळतात, आम्ही मात्र खूप शोधाशोध करून झांबियातलं साउथ लुआंग्वा नॅशनल पार्क धरलं आणि तेही मेन गेटजवळचं मोठं लॉज न घेता पार आत नदीकाठी असलेला छोटा बुश कॅम्प घेतला. जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पोचायचं कसं ते. राजधानी लुसाकाहून पार्काजवळच्या म्फुवेला छोटं विमान जातं, साधारण तासाभराचा प्रवास. रस्त्याने पण जाता येतं, लुसाका ते चिपाटा आणि तिथून म्फुवे, डांबरी रस्ता आहे पण पूर्ण दिवस त्यात जातो आणि अंधार पडल्यावर गाडी अजिबात चालवू नका, रस्त्यावर माणसं, सायकली, गुरं सगळंच असतं. छोट्या विमानात सामानाची मर्यादा कडक असते, बऱ्याचदा १५ किलोच, आणि बॅग मऊ लागते, कडक सूटकेस त्यांच्या डिकीत मावत नाही. म्फुवेला कॅम्पची जीप घ्यायला येते आणि पूल ओलांडून पार्कात शिरलं की तिथून पुढचे दोन-तीन तास म्हणजे सफारीच, कारण वाटेत हत्ती, पुकू नावाची सोनेरी हरणं आणि थॉर्निक्रॉफ्टचे जिराफ दिसतात. हा जिराफ जगात फक्त याच खोऱ्यात आहे.

आता कॅम्प. बुश कॅम्प म्हणजे गवत, बांबू, बोरू यांच्या मोजक्या झोपड्या, दरवर्षी पावसाळा संपला की मे-जूनमध्ये नव्याने बांधतात आणि नोव्हेंबरात पाऊस सुरू व्हायच्या आत मोडून टाकतात. याचं कारण नदीच. लुआंग्वावर धरण नाही, पुरात ती वाटेल तशी पसरते आणि काठ खाऊन टाकते, एखादं वळण तुटून मागे राहिलं की त्याचं तळं होतं, आपण भूगोलात शिकलेलं नालाकृती सरोवर ते हेच, आणि अशी तळी तिथे जागोजागी आहेत. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी काठ कापतं म्हणून तिथे उंच कडा तयार होतो आणि समोर आतल्या बाजूला वाळू साठते. कॅम्प बहुतेक वेळा या उंच कड्यावर असतो, म्हणजे तुम्ही वर बसलेले आणि समोरच्या वाळूवर सगळे प्राणी पाण्याला उतरणार. बुकिंग करताना एक प्रश्न नक्की विचारा, तुमच्या महिन्यात कॅम्पसमोर पाणी असतं का? कारण सप्टेंबरपर्यंत काही ठिकाणी मुख्य प्रवाह लांब सरकलेला असतो आणि समोर नुसती वाळू उरते.

आम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला गेलो आणि मी याच दिवसांची शिफारस करेन. जून-जुलैमध्ये पहाटे उघड्या जीपमध्ये कडाक्याची थंडी वाजते आणि गवतही उंच असतं, ऑक्टोबरमध्ये प्राणी सगळ्यात जास्त दिसतात पण पारा ४० च्या वर जातो आणि झोपडीत एसी वगैरे काही नाही. सप्टेंबरमध्ये अजून एक सोहळा असतो, कारमाइन बी-ईटर, म्हणजे आपल्या वेड्या राघूचे लालगुलाबी भाऊबंद, शेकडोंनी येतात आणि त्या कापलेल्या कड्यात बोगदे करून घरटी करतात. दुपारच्या उन्हात थवा एकदम उठला की नदीवर रंग उधळल्यासारखं दिसतं, मला तरी बिबट्याइतकाच आनंद याने दिला.

बिबट्या पण दिसला, दोनदा, एकदा झाडावर आणि एकदा नाइट ड्राइव्हला. आफ्रिकेत कित्येक पार्कांमध्ये रात्रीची फेरी बंद आहे, इथे चालते, सूर्यास्तानंतर स्पॉटलाइट घेऊन फिरतात आणि आठच्या सुमाराला परत. सिव्हेट आणि जेनेट ही मांजरासारखी दिसणारी निशाचर जनावरं आणि साळिंदर यांच्यासाठी ही फेरी चुकवू नका. गेंडा मात्र इथे शोधू नका, शिकाऱ्यांनी तो संपवला, उत्तरेकडच्या नॉर्थ लुआंग्वात २००३ पासून काळे गेंडे पुन्हा आणून सोडलेत.

पण लुआंग्वाची खरी ओळख म्हणजे चालत सफारी. नॉर्मन कार नावाच्या माणसाने ती इथेच रुजवली, त्यानेच १९५० च्या सुमाराला इथल्या न्सेफू प्रमुखाबरोबर मिळून पाहुण्यांकडून येणारे पैसे गावाला मिळतील अशी व्यवस्था सुरू केली. चालण्याची पद्धत अशी, सगळ्यात पुढे सरकारी बंदूकधारी स्काउट, मग गाइड, मग आपण एका ओळीत, बोलायचं नाही, आणि गाइड थांबला की थांबायचं. काहीही झालं तरी पळायचं नाही हे निघायच्या आधी नीट बजावतात. चालताना मोठे प्राणी लांबूनच बघायचे असतात, जवळ जायची घाई कोणी करत नाही आणि तेच बरोबर आहे. त्याऐवजी वाळूतला हिप्पोचा माग, वाळवीचं वारूळ, सॉसेज ट्रीची गळलेली फुलं खायला आलेली पुकू, असं जीपमधून कधीच न दिसणारं जग दिसतं. बऱ्याच कॅम्पमध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना चालायला नेत नाहीत, मुलं बरोबर असतील तर आधी विचारून घ्या.

कपडे खाकी, मातकट, फिकट हिरवे न्या. काळा आणि गडद निळा नको, त्सेत्से माशी या रंगांकडे ओढली जाते (तिला पकडायचे सापळे पण निळ्या-काळ्या कापडाचेच असतात) आणि नेहमीचं मच्छर क्रीम तिला फारसं रोखत नाही, चावली की चांगलंच दुखतं. मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना निघायच्या पुरेसं आधी विचारा. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर यलो फीवरची लस आणि पिवळं कार्ड (लस घेतल्याचा दाखला) यांचं आधीच बघा, लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

रात्री हिप्पो पाण्यातून बाहेर येऊन चरतात, अगदी झोपडीला लागून गवत तोडल्याचा आवाज येतो, पहिल्या रात्री झोप लागणं कठीण पण नंतर त्या आवाजाचीच सवय होते. अंधार पडल्यावर कुठेही जायचं तर रखवालदाराला बोलवायचं, एकटं दहा पावलं पण नाही. खोलीत फळं, बिस्किटं काही ठेवायचं नाही, माकडं आणि हत्ती दोघांनाही वास लागतो. पाण्याच्या काठाशी जाऊन फोटो काढायचा मोह आवरा, मगरी भरपूर आहेत. वीज सोलरवर, बॅटऱ्या जेवणाच्या तंबूत चार्ज होतात, त्यामुळे जास्तीची बॅटरी न्याच.

एकच कळकळीचं सांगणं, तीन कॅम्प एक-एक रात्र असं करू नका. एकाच कॅम्पवर निदान तीन-चार रात्री राहा आणि दुपारी सगळे झोपतात तेव्हा दुर्बीण घेऊन कड्यावर सावलीत बसा. आम्हाला हत्तींचा अख्खा कळप पिल्लांसकट नदी पार करताना दिसला तो असाच, भर दुपारी, कुठल्याही ड्राइव्हशिवाय. झोपड्या मोजक्याच असल्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरचं बुकिंग लवकर भरतं, आदल्या वर्षीच करून टाका, आणि शाकाहारी असाल तर तेव्हाच लिहून कळवा, कारण सामान ठरावीक दिवशीच गाडीने आत येतं.