संग्रहाची नोंद: साताऱ्यातलं प्रदर्शन, माझं टेबल आणि एक रिकामी जागा

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की हिवाळ्यात एखाद्या प्रदर्शनात माझ्या पदकांचं टेबल लावायचंच. लावलं. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी साताऱ्यात लष्करी वस्तूंच्या संग्राहकांचं प्रदर्शन भरलं होतं, पोवई नाक्यापासून चालत जाता येईल अशा एका मंगल कार्यालयात. इतकी वर्षं मी अशा ठिकाणी हात मागे बांधून फिरत आलो. टेबलाच्या आतल्या बाजूला बसायची ही पहिलीच वेळ.

आधी तयारीबद्दल, कारण सगळ्यात जास्त शिकलो ते तिथंच.

पावसाळ्यात मी एक बोर्ड केला होता. प्लायवूडवर हिरवी बनात ताणून त्यावर पदकं मांडली, दिसायला झकास. दिवाळीत झाकण उघडलं तर १९३६ च्या इंडियन जनरल सर्व्हिस मेडलवर निळसर-काळी छटा चढलेली. बनात लोकरीची असते, लोकरीत गंधक असतं, आणि बंद पेटीत ते चांदीला काळं करतं. हे मी वाचलेलं होतं, तरी बनात लावली. आता बनात काढून मांजरपाट लावलाय. खळ जाईपर्यंत दोनदा उकळला, धुतला, उन्हात वाळवला आणि मग ताणला. चिकटपट्टी कुठंच नाही, प्रत्येक पदक सुती दोऱ्यानं टाचलंय. सुट्ट्या रिबनी पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवल्यात. नाण्यांच्या अल्बममधली मऊ पीव्हीसीची पाकिटं कृपा करून वापरू नका. काही वर्षांत त्यातून चिकट द्रव सुटतो आणि तांबं-काशावर हिरवा थर बसतो.

दुसरं काम काठाचं. पदकाचा दर्शनी भाग सगळ्यांना ठाऊक असतो. राजाचं डोकं, पंखवाली विजयदेवता, हजारो पदकांवर तेच. माणूस असतो तो काठावर: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश शिपायांना कोरी दिली गेली, आपल्या शिपायांना मात्र नाव घालून मिळाली. म्हणजे आपल्याकडचा अर्धा ऐवज काठावरच आहे, आणि प्रदर्शनात नेमका तोच दिसत नाही, कारण पदक पाठ टेकून झोपलेलं असतं.

मी आधी पदकाखाली तिरका आरसा बसवला. तासभर खपून नीट कोन साधला आणि मग लक्षात आलं की अक्षरं उलटी दिसतायत. दोन आरशांची जुळणी करून पाहिली, पण टेबलासमोर उभ्या माणसाला ती वाचण्यासाठी मान वाकडी करावी लागत होती. शेवटी फोनवरच उतरलो. पदक एका खोडरबराच्या खाचेत उभं केलं, खोलीत अंधार केला, टॉर्च अगदी आडवा धरला म्हणजे प्रत्येक अक्षराची सावली पडते, आणि थोडं थोडं फिरवत आठ फोटो घेतले. ते जोडून एक सलग पट्टी केली. पहिल्या महायुद्धाच्या व्हिक्टरी मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर, म्हणजे काठ साधारण ११३ मिलिमीटर. चौपट मोठा छापला तर पंचेचाळीस सेंटिमीटरची पट्टी होते. ती पदकाच्या खाली लावली. लहान मुलंसुद्धा अक्षर अन् अक्षर लावून वाचत होती.

आता टेबलाच्या मध्यभागी काय होतं ते सांगतो. पहिल्या महायुद्धातल्या ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका शिपायाची तीन पदकांची जोडी. तीन म्हणतोय, पण माझ्याकडे दोनच आहेत: १९१४-१५ स्टार आणि व्हिक्टरी मेडल. स्टार ताऱ्याच्या आकाराचा, त्याला काठ नसतो, म्हणून त्याच्यावरचं नाव पाठीवर ठोकलेलं. दोन्हीवर तोच नंबर, तेच नाव, पलटणीच्या स्पेलिंगमध्ये त्या काळचा तो जादाचा ‘ह’: महरट्टा. तिसरं, ब्रिटिश वॉर मेडल, नाही. स्टार आणि व्हिक्टरी काशाची, ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं. अशा फुटलेल्या जोड्यांत बहुतेक वेळा चांदीचंच गेलेलं असतं. एखाद्या दुष्काळात, एखाद्या लग्नात सोनाराकडे गेलं असेल, किंवा १९८० च्या सुरुवातीला चांदी भडकली तेव्हा. त्या वेळी जगभर ही पदकं वितळली.

शिपायाचं नाव इथं लिहीत नाही. घरचे लोक शोधतोय, ते सापडायच्या आधी नाव फिरायला नको.

११० वी पलटण पूना डिव्हिजनमध्ये होती, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी घातलेल्या कूतच्या वेढ्यात होती. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. आपल्या १०३ आणि ११७ या मराठा पलटणीही आत होत्या. हा शिपाई स्वतः आत होता की नाही, ते पदक सांगत नाही. काठावर पलटण असते, ठिकाण नसतं. टेबलावर मी तेवढंच लिहिलं. बाजूच्या रांगेत अशाच एका पदकासमोर ‘कूतचा वीर’ अशी पाटी होती. आपल्या छंदाची पत अशा पाट्यांनी जाते. माहीत असेल तेवढंच लिहावं.

तर, बोर्डवर तिसऱ्या पदकाच्या जागी मी काहीच ठेवलं नाही. मांजरपाटावर ३६ मिलिमीटरचं वर्तुळ काळ्या दोऱ्यानं शिवलं, वर त्याची रिबन तेवढी लावली, मधे नारिंगी आणि कडांना पांढरा, काळा, निळा. खाली लिहिलं: ‘चांदीचे पदक. उपलब्ध नाही.’ दोन दिवसांत लोकांनी सर्वांत जास्त विचारलं ते या वर्तुळाबद्दल. “चोरीला गेलं का हो?” “विकलं काय?” मग मी चांदीचं सांगायचो, आणि दहातले दोघं-तिघं गप्प व्हायचे. “आमच्यातबी असंच झालं,” एक बाई म्हणाल्या. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या पदकांचे जोडव्यांचे दोन जोड झाले होते. नंतर तीही मोडली.

रविवारी सकाळी एका ओळखीच्या विक्रेत्यानं त्याच पलटणीचं ब्रिटिश वॉर मेडल आणून दाखवलं. अस्सल, सुरेख काठ, पण नाव दुसऱ्याचं. “वर्तुळात बसव, कोण काठ बघतंय!” तो म्हणाला. भाव वाजवी होता. मी घेतलं नाही. वेगळं म्हणून घेतलं असतं तर हरकत नव्हती, पण त्या दिवशी ते हातात आलं असतं तर वर्तुळात ठेवायचा मोह झाला असता. आणि दुसऱ्याचं नाव तिथं बसवलं की माझ्या शिपायाचा काठ वाचण्यात काय अर्थ राहिला?

याच व्हिक्टरी मेडलची आणखी एक गोष्ट. काठावरच्या अक्षरांत लाल दिसतं. आधी गंज वाटला. भिंगाखाली पाहिलं तर कुंकू. दसऱ्याला देव्हाऱ्यापुढं हत्यारं-अवजारं मांडतात तेव्हा हे पदकही मांडलं जात असणार. बोटानं लावलेलं कुंकू खाचांत जाऊन घट्ट बसलंय. एका अनुभवी संग्राहकानं सल्ला दिला की सुईनं नाही, बाभळीच्या काट्यानं हलक्या हातानं काढ, धातूला ओरखडा येणार नाही. सल्ला धातूच्या दृष्टीनं बरोबर आहे. मी काढणार नाही. शंभर वर्षांत या पदकाला हात लावणाऱ्या माणसांची तेवढीच खूण उरलीय.

पुढच्या दोन टेबलांपलीकडे सांगलीहून आलेल्या एका संग्राहकांकडे पहिल्या महायुद्धातल्या मृताच्या घरी पाठवलेली काशाची तबकडी होती. व्यास १२० मिलिमीटर, ब्रिटानिया आणि सिंह, उंचवट्याच्या अक्षरांत नाव. नाव आहे, हुद्दा नाही. मरणात सगळे सारखे म्हणून तो मुद्दाम घातलेला नाही. मी ती तबकडी बराच वेळ हातात धरून होतो. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर आपल्या शिपायांची नावं कोरली नव्हती, पलटणीखाली फक्त आकडा होता. तिथं गेलेल्या साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाचं नाव धातूत कुठं असेल तर अशा तबकडीवर किंवा पदकाच्या काठावर. म्हणून मला काठाचं एवढं लागतं.

अपशिंग्याची मंडळी शनिवारी दुपारी आली, सात-आठ जण. ज्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात ज्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांना मी काय सांगणार? खुर्ची दिली, पट्टी पुढं सरकवली. त्यांच्यातल्या एका मुलानं नाव मोठ्यानं वाचलं आणि मोठ्या माणसांत लगेच चर्चा सुरू झाली, हे आडनाव आपल्याकडं कुणाचं, साहेबानं कसं ऐकलं असेल, कसं लिहिलं असेल. कारकून ऐकेल तसं लिहायचा, हे ध्यानात ठेवूनच शोध घ्यावा लागतो. त्यांनी दोन भावक्यांची नावं दिली. वहीत आहेत.

चूक झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या गटात. १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल, क्रम बरोबर होता. जुन्या रिबनी विरल्या होत्या म्हणून पाकिटात जपून ठेवल्या आणि नव्या शिवल्या. एक निवृत्त सुभेदार आले, पंच्याहत्तरीच्या पुढचे, पाठ सरळ. त्यांनी चष्मा वर केला आणि बोट ठेवलं.

“पाव्हणं, ही फीत उलटी शिवलीया.”

१९३९-४५ स्टारची रिबन दोन्हीकडून सारखी नसते. गडद निळा, लाल, फिकट निळा. समोरून बघणाऱ्याला गडद निळा डावीकडे दिसायला हवा, म्हणजे छातीवर तो गुंड्यांच्या बाजूला येतो. बर्मा स्टारची रिबन दोन्हीकडून सारखी, तिथं चूक होऊच शकत नाही, म्हणून मी बेसावध राहिलो. दीड दिवस शेकडो लोकांनी पाहिलं, एकाच्याही ध्यानात आलं नाही. मी लगेच सुई-दोरा काढला. सुभेदारांनी पदक दोन बोटांत धरलं, मी टाके उसवले, रिबन फिरवली आणि पुन्हा शिवली.

शिवता शिवता त्यांनी सांगितलं की ते स्वतः जंगी पलटणीत, १९७१ ला जमालपूरला होते. जंगी पलटण म्हणजे १ मराठा, जुनी १०३ वी. वडील ब्रह्मदेशात होते, त्यांच्याकडं हाच स्टार होता. “आई दर दसऱ्याला चिंच लावून लख्ख करायची. आता त्याच्यावर नाव वाचता येत नाही.” चिंच-मिठानं घासलेली कितीतरी पदकं पाहिलीत, प्रेमानंच घासलेली असतात. पण प्रत्येक घासणीत थोडं अक्षर जातं. मी त्यांना काठाची पट्टी कशी केली ते दाखवलं. बोटाला न लागणारं अक्षरही कधी कधी आडव्या उजेडात सावली देतं.

खरेदी थोडकीच. ‘आय.ई.एफ.’ छाप मारलेल्या भारतीय तिकिटांचं एक लहान पान घेतलं. पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या हिंदी फौजांच्या टपालाची ही तिकिटं, मेसोपोटेमियाची फौज त्यातली ‘डी’. बोर्डवर शिपायाच्या शेजारी शोभतील. एक बर्मा स्टार मात्र परत केला. ‘मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाचा’ म्हणून पुढं केला होता, पाठ मात्र कोरी, कडा गोलसर आणि मऊ, ओतकामाचे बारीक खड्डे. कोरा स्टार म्हणजे खोटाच असं नाही, ब्रिटिश माणसाचा असू शकतो. पण मग जवानाची गोष्ट त्याला चिकटवू नये. आणि ज्यांच्या टेबलावर संगिनी, कट्यारी, काडतुसं आहेत त्यांनी कायद्याचे कागद सोबत ठेवा. शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा लागतो, परदेशी ग्राहक भेटला तरी परस्पर पाठवता येत नाहीत.

पुढची कामं: दोन भावक्यांकडे चौकशी, चांदीच्या गटासाठी पेटीत सिलिका जेल, आणि बोर्डला हलकं झाकण, कारण रविवारी संध्याकाळी गर्दीत कंदी पेढ्याचा चुरा मांजरपाटावर पडला होता.

त्याआधी सुभेदारांच्या गावी जायचंय. वडिलांचा स्टार त्यांनी देव्हाऱ्यातून काढून ठेवलाय, पुसायचा नाही असं मी बजावलंय. परवा निघतो. टॉर्च, भिंग, खोडरबर आणि मांजरपाटाचा तुकडा पिशवीत भरून ठेवलाय.